मशीनला कुंकू मी लावलं

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज फ्रिजनं झटका दिला नाही. एकदा हात लावला, परत लावला, तिसऱ्यांदा ओल्या हातानं लावायला गेले तर नात तनू किंचाळली. दोन वर्षं झटके खातेय मी. सुरेखा, माझी सून, शेजारणीला सांगायची, "आमचा फ्रिज आत्यांवर गेलाय." आता तिला बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

दुरुस्त केलं शाळेतल्या पोरांनी. परसात कमरेइतका खड्डा, त्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. अर्थिंग म्हणतात. चुकलेली वीज माणसात शिरायची ती जमिनीत जाते. दुरुस्ती शिकवणाऱ्या अश्विनीबाई मेन स्विच बंद करून त्याच्यापुढं राखणदारासारख्या उभ्या. खणायला आठवीची सगळी पोरं, पण पट्टीला वायर आवळली सोनीनं. वरच्या वाडीवरची पोर. एरवी आठवड्यातले चार दिवस शाळेत नसते. गुरुवारी घंटेच्या आधी हजर, कारण गुरुवारी दुरुस्तीचा तास.

वहीचं सांगायचं राहिलं. बाईंनी पोरांना सांगितलंय, घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला धरा, तो रोज काय काम करतो, कुठल्या हत्यारानं, ते लिहा. नातीनं मला धरलं. मला अक्षर येत नाही, तिला काम येत नाही, जोडी बरी जमली. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हटलं लिही बाई, तुझ्या हातात पेन.

बाई वही वाचणार नाहीत म्हणे, नुसती पानं मोजणार. मग सगळं सांगायला हरकत नाही.

आजचं काम: मेथी निवडली. हत्यार: नखं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

नवरात्राचा उपास, तरी शाळेत गेले. बाईंचं बोलावणं. पोरांना खुरप्याची मूठ बसवून दाखवायची होती.

ती खोली म्हणजे पूर्वीची तांदळाची कोठी. तिथं आता फळीवर करवती, हातोड्या, वायरची भेंडोळी. हेडगुरुजींनी (तनू म्हणते, दरवेळी एवढं लांब कोण लिहील, हे.गु. लिहिते) उंदरं हाकलून ती बाईंना दिली. बाई संस्थेच्या, सरकारच्या नाहीत. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांचा कागद नवा होतो. झाला तर.

मुठीचं: भोक पाडून खुरपं ठोकलं की चार दिवसांत हलायला लागतं. शेपूट लाल होईस्तोवर तापवायचं आणि मग लाकडात घालायचं. ते स्वतःपुरती जागा जाळून घेतं, मग जन्मभर सोडत नाही. पोरं बघत राहिली. सोनी म्हणाली, "आजी, लगीन असंच आसतंय का?" तेरा वर्षांची आहे. बाई हसून खाली बसल्या.

कोपऱ्यात नवं मशीन. कंपनीनं शाळेला दिलेलं. आपला शेवयांचा सोऱ्या, पण हात नाही. प्लास्टिकची दोरी वरून आत जाते, वितळून खाली बारीक शेव पडते, शेवेवर शेव बसून वस्तू होते. थ्रीडी म्हणतात. बघता बघता पोरांनी पंख्याच्या रेग्युलेटरची चकती काढली. आपल्या घरच्या मिक्सरचं बटण तुटलंय, आम्ही पकडीनं फिरवतो. तनूनं चिमट्यासारख्या पट्टीनं त्याचं माप घेतलंय. पुढच्या महिन्यात १४ तारखेला तालुक्याचे साहेब येणार, त्यांच्यासमोर ते बटण काढून दाखवायचं. त्यावर बाईंचा पुढच्या वर्षाचा कागद.

म्हणजे बाईंची नोकरी माझ्या मिक्सरवर. म्हटलं जपून, तो मिक्सर सुरेखाच्या माहेरचा आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

हे.गु. ओट्यावर आले. चहा घेतला. उद्या खंडेनवमी.

"आजी, वस्तीत सगळ्यात थोर तुमी. शाळंतल्या हत्यारांची पूजा तुमच्या हातनं करू. तालुक्याच्या ग्रुपवर समद्या शाळा फोटो टाकत्यात."

"आन् बाई?"

"त्या गावाला गेल्यात, घट बसल्यात त्यांच्याकडं. खोलीची एक किल्ली हापिसात आसती."

बरं म्हटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. शाळेच्या आत मला मान मिळायची ही पहिलीच वेळ. लहानपणी मी शाळेच्या भिंतीला शेण्या थापायला जायचे, तेवढाच संबंध.

आजचं काम: घासाघाशी. पितळेचा तांब्या. हत्यार: चिंच आणि राख.

१ ऑक्टोबर, बुधवार

तनू आज लिहायला तयार नव्हती. म्हटलं लिही, एक पान वाढेल.

हिरवं लुगडं नेसून गेले. हे.गु.नी खोली उघडली. टेबलावर हत्यारं मांडली. अवजाराची पूजा म्हणजे आधी अंघोळ. कोयता असो, नांगराचा फाळ असो, धुऊन मग गंध. वर्षभराची घाण घेऊन देवापुढं कोण बसतं? हातोडी धुतली, करवत धुतली. डाग द्यायच्या कांडीला (तनू म्हणते, सोल्डरिंग) वायर होती, तिला नुसतं पुसलं, एवढी अक्कल होती मला.

मशीनवर धूळ बसलेली. ओल्या फडक्यानं पुसलं. तांब्यातलं पाणी शिंपडलं, फुलानं नाही, हातानं, चांगलं ओंजळभर. हळद जरा पातळ झाली होती. पाची बोटं उमटवली त्याच्या छातीवर, कुंकू ओढलं, अक्षता टाकल्या. वरून उघडंच असतं ते. अक्षता आत गेल्या. मला वाटलं, बरं झालं, पोटात गेल्या. हे.गु.नी नारळ टेबलाच्या कडेवर फोडला.

मग फोटो. हे.गु. म्हणाले, "जरा चालू करू. निळा दिवा लागला की फोटू उठून दिसतो." बटण त्यांनीच दाबलं. निळा दिवा लागला. फोटो निघाला. मग चट्ट आवाज, तापल्या तेलात ओली मिरची पडल्यासारखा, आणि दिवा गेला. करपल्या तांदळाचा वास.

"लाईट गेली वाटतं," हे.गु. म्हणाले.

वरचा पंखा फिरत होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. हे.गु. आपट्याची पानं द्यायला आले ते उभेच राहिले.

"आजी, लाईटचाच घोळ व्हता, न्हाई का?"

"पंखा फिरत व्हता, गुरुजी."

"इन्व्हर्टरवर आसंल."

"आपल्या शाळंला इन्व्हर्टर कधी आला?"

"व्हय की," म्हणाले. पानं हातात दिली आणि गेले. चपला उलट्या घालून.

पुरणपोळी अर्धी खाल्ली. सुरेखा म्हणाली, "आत्या, डाळ कच्ची हाय का?" डाळ चांगली होती.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाई आल्या. तनूनं संध्याकाळी सांगितलं ते असं. बाईंनी मशीन चालू केलं, होईना. वायर बघितली, फ्यूज बघितला. मग उलटं करून खालचं झाकण काढलं. आतून सात अक्षता निघाल्या, पिवळ्या. हिरव्या पट्टीवर, जिथं त्याचं डोकं असतं, तिथं हळद वाळून बसलेली आणि एक काळा डाग. बाईंनी अक्षता कागदावर ओळीनं मांडल्या. कुणी केलं विचारलं नाही. झेंडूच्या पाकळ्या तिथंच पडल्या होत्या, विचारायचं काय?

कंपनीला फोन केला. ते म्हणाले, पाणी गेलं असेल तर आम्ही जबाबदार नाही.

हे.गु.नी रजिस्टरात लिहिलंय. रजिस्टर उघडं होतं, तनूनं वाचलं: 'हाताळणीतील निष्काळजीपणामुळे यंत्र नादुरुस्त.'

"कुणाच्या हाताळणीतील?" मी विचारलं.

"तसं लिवलं न्हाई, आज्जे. पण खोली बाईंच्या नावावर हाय."

तनूनं भांडी घासायला घेतली, न सांगता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत गेले. हे.गु. खिचडीचा तांदूळ मोजून देत होते.

म्हटलं, "गुरुजी, मशीन मी मारलंय. माझं नाव लिवा."

"हळू बोला."

"कशापायी हळू? चोरी केली का मी?"

त्यांनी मला ऑफिसात बसवलं. दार लोटलं. म्हणाले, "तुमचं नाव लिवलं की पयला प्रश्न, बाहेरचं माणूस खोलीत गेलं कसं. दुसरा प्रश्न, किल्ली कुणी दिली. तिसरा प्रश्न मग कुणी इचारणारच न्हाई, सरळ नोटीस. मला दीड वरीस राहिलंय, आजी."

वाईट माणूस नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाडीवरच्या पोरांना स्वतः खांद्यावर घेऊन पलीकडं सोडतो. आज माझ्याकडं बघत नव्हता, तांदळाच्या मापाकडं बघत होता.

घरी आल्यावर सुरेखा. तिला आधीच कळलं होतं, वस्तीत भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत. "आत्या, तुमी गप बसा. तनूचं अजून वरीस जायचंय त्या शाळंत. आन् तुमाला कोण फाशी देनार हाय म्हून पुढं पुढं करताय?"

तेच तर. लग्न झाल्यापासून न केलेल्याची बोलणी खाल्ली. दूध उतू गेलं, मी. म्हैस आटली, माझा पायगुण. आता खरंच केलंय, तर माझ्या पदरात कुणी टाकेना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दुरुस्तीचा तास. मी खिडकीबाहेर पायरीवर बसून ऐकला.

बाईंनी मेलेल्या मशीनवरच तास घेतला. "बंद पडलेली वस्तू चांगली," म्हणाल्या, "ती शिकवते. चालू वस्तू नुसती वापरून घेते." सगळं उघडलं. पोरांना एक गोष्ट दहा वेळा घोकायला लावली: निघालेला स्क्रू ताटात ठेवायचा, घड्याळासारखा. पहिला निघाला तो बाराच्या जागी, दुसरा एकाच्या, असं गोल. बसवताना उलटं फिरत यायचं. ताट हलवायचं नाही. स्क्रू हरवला तर वस्तू मेली समजायची.

सोनीनं सगळं परत जोडलं. एकही उरला नाही. मशीन अर्थात मेलेलंच.

सुटल्यावर बाई पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. मी म्हटलं, "बाई, साहेबांना सांगा, म्हातारीनं पाणी वतलं."

"आजी, मी असं सांगितलं तर ते गुरुजींवर जातं. या खोलीसाठी गुरुजी माझ्या बाजूनं भांडलेत. आणि दुसरं म्हणजे, सत्तरीच्या बाईवर ढकलून नोकरी टिकवली असं लोक म्हणतील."

"मग मी सांगते."

"नका सांगू." मग म्हणाल्या, "चूक माझीच आहे. पाणी नको, उघड्या भागाला हात नको, अशी पाटी दारावर लावायला पाहिजे होती."

"पाटी लावली आसती तर मी वाचली आसती व्हय?"

बाई हसल्या. हसता हसता ओढणी डोळ्याला लावली. माझा विनोद एवढाही चांगला नव्हता.

आजचं काम: काही नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

साहेब आले. पांढरी गाडी, बरोबर दोघं. पोरांनी मशीन सोडून सगळं दाखवलं. बटणांचा बोर्ड भरला, टॉर्च जोडला, सोनीनं पंख्याचा कपॅसिटर बदलला. साहेब म्हणाले, "छान, छान." मग कोपऱ्यात गेले. "आणि हे?"

बाई मशीनकडं बघायला लागल्या. हे.गु. बाईंकडं. मी दारात होते, आत गेले.

"साहेब, ते मी मारलं. धुतलं आन् कुंकू लावलं."

साहेबांनी मला खुर्ची द्यायला लावली. शांत माणूस. पुण्याचं बोलणं. "आजी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण देवाधर्माची गोष्ट एकदा कागदावर आली की कुठंपर्यंत जाईल ते माझ्या हातात राहत नाही. उद्या कोणी म्हणेल शाळेत पूजा कशी, कोणी म्हणेल पूजेला नावं कशी ठेवता. दोन्हीकडून आम्हीच. आणि खरं सांगू का, तो फोटो ग्रुपवर आला तेव्हा मीच पहिला अंगठा दिला होता."

मोबाईल काढून दाखवला. फोटोत मी, हे.गु., मशीनवर पाच बोटं, निळा दिवा. खाली पिवळा अंगठा.

जाताना बाईंना एवढंच म्हणाले, "यंत्र तुमच्या ताब्यात होतं, मॅडम." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं होतं. कुणीतरी उलट बोललं असतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अर्ज केला. तनूनं लिहिला, मी सांगितला. सुरेखा घरात नव्हती, लवळ्याच्या कँटीनला कामावर.

'मी हौसाबाई, राहणार येथील वस्ती, लिहून देते की खंडेनवमीला शाळेतले मशीन मी ओल्या फडक्याने पुसले, त्यावर पाणी व हळदकुंकू घातले. बाई त्या दिवशी नव्हत्या. चूक माझी आहे. बाईंचा काही संबंध नाही.'

किल्लीचं लिहायचं का? तनूनं पेन उचलून धरलं. म्हटलं नको, दीड वरीस राहिलंय बिचाऱ्याचं. मग खोलीत मी शिरले कशी? म्हटलं, तेवढं कोण विचारतंय. लिहिताना कळलं, आम्ही पण तेच करतोय, जे सगळे करतायत.

शाई लावून अंगठा उठवला. नुसता निळा गोळा. परत उठवला, परत गोळा. साठ वर्षं भात लावला, शेण सारवलं, राखेनं भांडी घासली, रेषाच राहिल्या नाहीत. रेशनचं मशीनसुद्धा मला ओळखत नाही. तनूनं खाली लिहिलं, 'हा अंगठा आजीचाच आहे.' तिची सही केली. आठवीच्या पोरीची सही म्हणजे काय ते मलाही कळतं.

हे.गु.नी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"पोच द्या," म्हटलं.

"आजी," म्हणाले. खिशाचं बटण लावलं.

साहेबांचा अंगठा चालला. माझा चालला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. बाईंना पत्र आलं, दिवाळीनंतर इथं यायचं नाही, संस्थेच्या कार्यालयात हजर राहायचं, पुढील आदेश येईपर्यंत. बाईंनी पोरांना वाचून दाखवलं, मराठीचा धडा वाचावा तसं. मग नेहमीसारखा तास घेतला. मिक्सरचं काय काय बिघडतं त्याचा. माझ्यासाठी असावा.

पोरं घरी गेली तेव्हा सोनी मागं राहिली. बाईंनी तिला आपला टेस्टर दिला, लाल मुठीचा.

संध्याकाळी सोनी आमच्या ओट्यावर आली. नुसती बसली. विचारलं तर म्हणाली, "बा म्हनला, सन झाला की भट्टीवर जायाचं. विटा थापाया."

"आन् शाळा?"

"बाईंचा तास आसता तर मावशीकडं ठेवनार व्हता मला. मीच मागं लागलेली. आता म्हनतो, तास बी न्हाई, तर हितं र्‍हाऊन करनार काय?" टेस्टर मुठीत घट्ट धरलेला. "बरुबर हाय त्याचं."

मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला. दुसरं काय देणार. तिनं अर्धा खाल्ला आणि अर्धा बांधून घेतला, भावाला.

ती गेल्यावर तनू म्हणाली, "आज्जे, तू तवा फुलानं पानी शिंपडलं आसतंस तर…"

तेवढंच म्हणाली. ते पण लिहून घे म्हटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

चकल्या. सोऱ्या फिरवला, भाजणी खाली वेढे घेत पडायला लागली आणि माझा हात थांबला. सुरेखा म्हणाली, "दमला का? द्या हिकडं." दिला.

तिनं फिरवल्या. चांगल्या झाल्या. तनूच्या हातून एक डबा बाईंना द्यायचा ठरवला होता, तर बाई गावाला गेलेल्या. डबा फळीवर आहे. तनूला त्यातला एक तुकडाही मोडू दिला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली, खोली नाही. दाराला नवं कुलूप, त्याची किल्ली आता ऑफिसातही नाही, तालुक्याला. दुपारी टेम्पो आला. मशीन खोक्यात घालून नेलं. मी रस्त्यावर उभी होते. खोक्यावर पिवळी पाच बोटं दिसत नव्हती, आत गेली.

हे.गु. टेम्पोत माल चढवायला हात लावत होते. मला बघून जवळ आले. शर्टाचा खिसा चाचपला. म्हणाले, "हाय आजून. फाडला न्हाई."

म्हणजे अर्ज. मग धुवायला टाकलेल्या शर्टातून ह्या शर्टात रोज बदलतात म्हणायचा. पुढंही पाठवत नाहीत, फाडतही नाहीत. म्हटलं, "शाई फुटंल घामानं, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा."

"ठेवतो," म्हणाले.

वाडीवरची तीन घरं बंद. सोनीचं त्यातलं एक.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तासाच्या वेळेला पोरं आमच्या ओट्यावर. कुणी बोलावलं नव्हतं. सात जणं, गुरुवारी काय करायचं ते कळेना म्हणून आलेली. शाळेत त्या तासाला आता 'शांत वाचन' असतं. हे.गु.नीच सोडलं म्हणे, "जावा आजीकडं, पर गोंगाट करू नका."

माझ्याकडं बघत बसली. मी काय शिकवणार? खुरप्याची मूठ झालीये. मग आतून मिक्सर आणला. परवापासून पकडीनंही फिरत नव्हता. म्हटलं, "ह्यो घ्या. अर्धा मेलेलाच हाय. तुमच्या बाई म्हनत व्हत्या, बंद वस्तू शिकवती."

आधी प्लग बघितला, काढलेला आहे का. दोनदा बघितला. बाईंची शिकवण. मग उलटा केला, स्क्रू काढायला लागली. मधोमध जेवणाचं ताट, त्यात स्क्रू गोल मांडत गेली. बाराच्या जागी, एकाच्या जागी, दोनच्या. झाकण निघालं. आत एक वायर सुटलेली दिसली. सगळ्यांना एकदम दिसली, डोकी आपटली एकमेकांवर. तनूनं ती जोडली, चिकटपट्टी गुंडाळली. तोवर मी चहा आणला.

जेवणाचं ताट, आणि पोरांच्या पायाशी. एकाचा पाय लागत होता त्याला. अन्नाचं ताट पायाशी ठेवू नये, लागला पाय तर नमस्कार करावा, हे मी तीन पिढ्यांना शिकवलं. हात आपोआप गेला. उचललं ताट, बाजूला पाटावर ठेवलं.

सगळे स्क्रू घरंगळून एका जागी.

मी ताटाकडं बघितलं, मग मला कळलं.

"माझ्यामुळं झालं रं," म्हटलं.

"न्हाई, आज्जी," एक म्हणाला. "आमीच नीट मांडलं न्हवतं."

"मांडलं व्हतं. मी बघितलं."

"न्हाई न्हाई. तुमचं काय न्हाई त्यात." दुसरा, तिसरा. सगळी मान हलवतायत. तनूसुद्धा. एवढी एवढी पोरं, आणि सगळ्यांना हे यायला लागलं. हे कुठल्या तासाला शिकवलं कुणी?

मग अंदाजानं बसवले. लांब कुठला, आखूड कुठला, वाद घालत. सोनी असती तर बोटानं चाचपून सांगितलं असतं. झाकण बसलं, हलत नाही. पण एक स्क्रू उरला. बारका, काळा. कुठून निघाला ते कुणाला आठवेना. झाकण परत काढावं तर सुरेखाची यायची वेळ झाली.

"चालू करून बघू का?" तनू म्हणाली. प्लग तिच्या हातात.

मी दारातून आतल्या पंख्याकडं बघितलं. कशाला बघितलं, काय माहीत.

"र्‍हाऊ दे," म्हटलं.

तनूनं बाईंना फोन लावला. वाजला, वाजला. उचलला नाही. पोरं चहा पिऊन गेली. जाताना एक जण म्हणाला, "पुढच्या गुरवारी परत काडू, आज्जी. तवर इचार करतो मी, कुटला हाय त्यो."

मिक्सर फळीवर आहे, चकल्यांच्या डब्याशेजारी. पकड त्याच्यापाशी. सुरेखानं संध्याकाळच्या चटणीला, फिरतोय का बघू म्हणून, घेतला होता, मी म्हटलं, आज पाट्यावर वाटते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मिरच्या पुढं सरकवल्या.

स्क्रू पदराच्या गाठीत बांधलाय. वाटताना वाकलं की पोटाला टोचतो.

आजचं काम: चटणी वाटली. हत्यार: पाटा-वरवंटा. धुऊन घेतला. त्याला चालतं.